फिल्टर धुण्याची चार वर्षं

वाशीतल्या त्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या मागे एक अरुंद खोली होती. एका बाजूला लांबलचक स्टीलचं सिंक, त्यावर चार नळ आणि समोरच्या भिंतीला फळी. फळीवर वीतभरापेक्षा जरा लांब अशी पारदर्शक नळकांडी ओळीने ठेवलेली असायची. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर पेशंटचं नाव आणि नावापुढे एक आकडा. नव्वदच्या दशकातली चार वर्षं मी रोज निदान तीन तास त्या सिंकपुढे उभी राहिले. बाकीचा दिवस शेजारच्या हॉलमध्ये, चार डायलिसिस मशीनांच्या मधे जायचा.

ते नळकांडं म्हणजे डायलिसिसचा फिल्टर, बाहेरची किडनी. तेव्हा ते परदेशातून यायचे आणि महाग असायचे, म्हणून एकदा वापरून फेकून देणं कुणालाच परवडत नव्हतं. एका पेशंटचा फिल्टर त्याच पेशंटसाठी पाच-सहा-सात वेळा वापरायचा, आणि दर वेळी तो धुवायचा. चिकटपट्टीवरचा आकडा म्हणजे तो कितव्यांदा वापरलाय ते.

डायलिसिस संपलं की फिल्टर माझ्याकडे यायचा. शुद्ध केलेल्या पाण्याची नळी लावून पाणी सोडलं की आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट आणि शेवटी स्वच्छ पाणी बाहेर यायचं. आतल्या काही तंतूंमध्ये रक्त गोठून बसलेलं असायचं, त्यांच्या काळपट रेघा काही केल्या जायच्या नाहीत. मग फिल्टर पाण्याने भरायचा, ते पाणी मापाच्या काचेच्या नळीत काढायचं आणि किती मावलं ते बघायचं. नव्यापेक्षा फार कमी भरलं, तर आतले पुष्कळ तंतू बंद पडलेत असं समजून फिल्टर टाकून द्यायचा. चालण्यासारखा असेल तर त्यात जंतू मारणारं फॉर्मलिन भरायचं, दोन्ही तोंडांना टोपणं लावायची आणि फळीवर ठेवायचा. पुढच्या वेळी वापरायच्या आधी ते फॉर्मलिन पूर्ण धुऊन काढायचं आणि टिपूसही उरलेलं नाही हे तपासायचं. फॉर्मलिनचा वास डोळ्यांत जायचा, घशात जायचा. घरी आल्यावर आई म्हणायची की तू दाराशी आलीस की मला कळतं.

आम्ही तेव्हा रबाळ्याला राहायचो. वडील पावण्याला एका कारखान्यात लेथवर होते. मी बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि रक्त तपासण्याची नोकरी शोधत होते. डायलिसिसमध्ये जागा निघाली, म्हणून तिथे लागले. तिथल्या सीनियर टेक्निशियनने मला दोन महिने शिकवलं आणि तो मस्कतला निघून गेला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. दोघी नर्स होत्या, पण मशीन लावणं, फिल्टर धुणं, पाण्याच्या टाक्या बघणं हे सगळं माझ्याकडे. सकाळी पहिली पाळी, दुपारी दुसरी, आठवड्यातून तीन दिवस तिसरीही. पहिल्या वर्षी मला हे काम मोठं वाटायचं. दुसऱ्या वर्षी फक्त लांब वाटायला लागलं.

मावशी आल्या त्या दुसऱ्या वर्षात. पंचेचाळीसच्या आसपासच्या, सावळ्या, काटक. त्यांचे यजमान कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते, पाठीवरून गोणी वाहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दोघं मूळचे साताऱ्याकडचे, माण भागातले, आणि वीस-बावीस वर्षांपासून मुंबईत. मार्केट वाशीला आलं तसे तेही इकडे आले आणि कोपरखैरण्याला एका बैठ्या घरात राहायला लागले. मावशींच्या तोंडावर सूज यायची, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. सूज पायावर उतरली, मग जेवण जाईना, मग उलट्या सुरू झाल्या. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं की रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता आणि दोन्ही किडन्या गेल्या आहेत. किडनी देणारं कुणी नव्हतं. काकांचा रक्तगट जुळत नव्हता. एकुलती एक मुलगी सासरी होती, तिची घ्यायला मावशी तयार नव्हत्या. म्हणून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी दुपारी, चार-चार तास त्या माझ्या खिडकीजवळच्या मशीनला असायच्या.

पहिल्या दिवशी हातात दोन जाड सुया गेल्या आणि नळीतून रक्त चढू लागलं, तेव्हा बहुतेक पेशंट डोळे मिटून घेतात. मावशी बघत राहिल्या. मग विचारलं, "एवढं रगत भाईर काढून काय करता वो त्याचं?" मी म्हटलं, स्वच्छ करून परत देतो. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, स्वच्छ कसं करता. मी म्हटलं, फिल्टर आहे ना. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, फिल्टर म्हणजे गाळणं, मग गाळ कुठं साठतो, मला तर दिसत नाही. मी हसून पुढच्या बेडकडे गेले. मला सांगायचा कंटाळा होता असं नाही. बसून बोलायला वेळच मिळत नव्हता, आणि मिळाला तर मी स्टुलावर बसून डोळे मिटून घ्यायची.

ते समजावून सांगणं अखेर झालं ते बटाट्यावरून. आहाराच्या मॅडमनी मावशींना कागदावर लिहून दिलं होतं की केळी बंद, नारळपाणी बंद, बटाटा खायचाच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायचा, ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात उकडून तेही पाणी फेकायचं. मावशींना याचा भयंकर राग होता. नवरा जन्मभर बटाट्याच्या गोणी वाहतोय आणि घरात बटाटा असा धुऊन-धुऊन खायचा, त्याची चव जाते, मग खायचा तरी कशाला, असं त्या दोन-तीन वेळा बोलल्या. एका गुरुवारी हॉल शांत होता. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की बटाट्यात एक क्षार असतो, पोटॅशियम म्हणतात त्याला. तुमच्या-माझ्या पोटात तो रोज जातो. माझी किडनी जादा झालेला लघवीतून टाकून देते, तुमची देत नाही. तो रक्तात साठत गेला की एक दिवस काळीज थांबतं. बटाटा चिरून पाण्यात घातला की तो क्षार बटाट्यातून पाण्यात उतरतो, कारण बटाट्यात त्याची गर्दी असते आणि पाण्यात तो नसतोच. दोन्हीकडे सारखा होईपर्यंत तो जात राहतो, मग थांबतो. म्हणून पाणी बदलायचं.

मावशींनी मान वळवून मशीनच्या दांड्याला लावलेल्या नळकांड्याकडे पाहिलं. "मग ह्यात बी त्येच चाललंय व्हय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, तेच. या नळकांड्यात केसापेक्षा बारीक, आतून पोकळ असे हजारो तंतू आहेत. तुमचं रक्त त्या तंतूंच्या आतून जातं. तंतूंच्या भिंतींना भोकं आहेत, इतकी बारीक की दिसायची नाहीत. तंतूंच्या बाहेरून पाणी वाहतं. रक्तातली घाण, म्हणजे युरिया, जादा पोटॅशियम, बारीक असते, ती भोकांतून पलीकडे पाण्यात जाते. रक्तातल्या लाल पेशी मोठ्या, त्या जाऊ शकत नाहीत, म्हणून पाणी लाल होत नाही. गाळ साठत नाही, तो पाण्याबरोबर गटारात जातो.

त्यांनी विचारलं की मग रक्तातलं चांगलंही जात असेल, मीठ-बीठ. हा प्रश्न शिकताना मी विचारला नव्हता. मी सांगितलं की ते पाणी नुसतं नसतं. रक्तात जितकं मीठ असायला हवं तितकं त्यात आधीच घातलेलं असतं. दोन्हीकडे सारखं असलं की मीठ हलत नाही. पोटॅशियम मात्र पाण्यात कमी ठेवतो, म्हणजे तेवढंच निघून जातं. त्यांनी ते लगेच धरलं. दोन नळ्यांकडे बोट करून म्हणाल्या की रक्त वरून खाली येतंय आणि पाणी खालून वर चाललंय, हे उलटं का. मी म्हटलं, मुद्दाम. रक्त बाहेर पडताना जिथे जवळजवळ स्वच्छ झालेलं असतं, तिथे त्याला अगदी ताजं पाणी भेटावं म्हणून.

"बरुबर हाय," मावशी म्हणाल्या. "धुण्याचं शेवटचं खळबळणं चांगल्या पाण्यात काढत्यात."

सीनियरने मला हे कागदावर बाण काढून शिकवलं होतं आणि समजायला मला पंधरा दिवस लागले होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं की माणसाची किडनी किती वेळ हे काम करते. मी म्हटलं, दिवसरात्र, न थांबता. त्यांनी मनाशी हिशोब केला असावा. सोमवारचे चार तास, गुरुवारचे चार. "आन् बाकीचे तास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाकीचे तास साठत जातं. त्या खिडकीबाहेर बघत पडून राहिल्या.

साठतं त्यात सगळ्यात वाईट पाणी. ज्याला लघवीच होत नाही, त्याने प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पायात येतं, पोटात येतं, मग छातीत येतं आणि माणूस आडवा पडू शकत नाही. म्हणून दिवसाला मोजून पाणी, चहा-आमटीसकट तीन-चार कप. नवी मुंबईच्या दमट उन्हाळ्यात. मावशी बर्फाचा खडा गालात धरायच्या, आमसुलाचा तुकडा चोखायच्या. त्या मला एकदा म्हणाल्या की तोंड धुताना पाणी गिळायची इच्छा होते, म्हणून हे लक्ष ठेवायला मोरीबाहेर उभे राहतात. डायलिसिस नुसतं घाण काढत नाही, हे साठलेलं पाणीही काढतं. आमच्या मशीनवर त्यासाठी दाब लावायचा असायचा. पेशंटचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, आम्हाला माहीत असे. आल्यावर काट्यावर उभं करायचं. जितकं वजन जास्त भरेल तितकं पाणी चार तासांत काढायचं, आणि त्याप्रमाणे दाब ठरवायचा. हे गणित मी करायची.

मावशींचं कोरडं वजन चव्वेचाळीस किलो होतं. काकांना काट्याची गरज लागत नसे. वीस-बावीस वर्षं गोणी उचललेला माणूस. घरून निघायच्या आधी ते मावशींना बखोट्यात हात घालून जमिनीवरून जरा वर उचलायचे आणि सांगायचे की आज तीन किलो आहे, आज साडेतीन आहे. मला हे मावशींनीच लाजत सांगितलं. मला खोटं वाटलं, म्हणून मी काकांना विचारलं. ते म्हणाले की गोणी पाठीवर आली की पाय सांगतात, त्यात काय मोठंसं. मग मी आधी त्यांचा आकडा विचारायची आणि नंतर मावशींना काट्यावर उभं करायची. फरक पडला तर पाव-अर्ध्या किलोचा. हॉलमधल्या इतर पेशंटांनाही त्याची गंमत वाटायची. तिथे गंमत वाटावी असं फार काही नव्हतं.

तो सोमवार मला नीट आठवतो. आदल्या दिवशी, रविवारी, पाण्याच्या प्लांटचं काम निघालं म्हणून मला सुटी मिळाली नव्हती. सोमवारी सकाळच्या पाळीतला एक पेशंट फार आजारी होता आणि त्याला वॉर्डमध्ये पाठवेपर्यंत दुपारचे पेशंट बाहेर बाकावर ताटकळत बसले होते. मी जेवले नव्हते. बाकीच्यांना मशीनला लावून शेवटी मावशींना काट्यावर उभं केलं. काटा साडेअठ्ठेचाळीसवर गेला. म्हणजे साडेचार किलो जास्त.

मी मावशींवर चिडले. म्हटलं, इतकं पाणी कसं प्यायलात, तुम्हाला सगळं समजतं आणि तरी. त्या म्हणाल्या की नाही प्यायले. सगळेच पेशंट असं म्हणतात. काका दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "ताई, अडीच हाय. त्याच्या वर न्हाई."

"काटा खोटा बोलतो का मग?" मी म्हटलं.

 मी साडेचार किलोचं गणित केलं, दाब लावला, आणि पुढच्या बेडकडे गेले.

तिसऱ्या तासाला मावशींनी जांभया द्यायला सुरुवात केली. एकापाठोपाठ एक जांभया येणं हे रक्तदाब उतरत असल्याचं लक्षण असतं, हे मला माहीत होतं, पण मी तेव्हा फिल्टरच्या खोलीत होते. नर्सने हाक मारली तेव्हा मावशींच्या पिंढऱ्यांना गोळे आले होते, कपाळावर घामाचे थेंब होते आणि डोळे वर गेले होते. रक्तदाब साठच्या खाली. आम्ही बेडचं पायथ्याचं टोक उचललं, पाणी काढणं बंद केलं, सलाइन सोडलं. काका दारात होते, त्यांना आत येऊ दिलं नाही. सात-आठ मिनिटांनी मावशींनी डोळे उघडले. मला ती सात-आठ मिनिटं आजही मोजता येतात.

डॉक्टरांना फोन गेला. ते यायच्या आधी मी बाहेर जाऊन काट्यासमोर उभी राहिले. काट्यावर कुणीही नव्हतं आणि काटा दोनवर होता. इतरांची वजनं झाल्यावर फरशी पुसताना कुणी तो सरकवला असेल आणि खालची चक्री फिरली असेल. पेशंट चढायच्या आधी काटा शून्यावर आहे की नाही हे बघायचं असतं. सीनियरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि मी एरवी बघायची. मी वाकून चक्री फिरवली आणि काटा शून्यावर आणला. मला कुणी पाहिलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी मावशींना विचारलं की सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेतली होती का. मावशी अर्धवट शुद्धीत हो म्हणाल्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही खाली ओपीडी होती. डायलिसिसच्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची नसते, किती वेळा सांगायचं, असं ते जरा जोरात बोलले आणि फाइलमध्ये तेच लिहिलं. मी बेडच्या दुसऱ्या बाजूला रक्तदाबाचं यंत्र हातात धरून उभी होते. मी काही बोलले नाही. डॉक्टर गेल्यावरही बोलले नाही. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि रबाळ्यापर्यंत मी स्वतःला सांगत राहिले की गोळीनेही तसं होऊ शकतं. होऊ शकतं हे खरंच होतं.

गुरुवारी ती दोघं आली. मी काटा तपासला, मावशींना उभं केलं, बेताचा दाब लावला. सगळं नीट झालं. काका मला नमस्कार करून बाहेर बसले, रोजच्यासारखेच. पुढच्या सोमवारी मावशी डोकं दोन्ही हातांत धरून आल्या. रक्तदाब घेतला तर वरचा दोनशेदहा. मी विचारलं, गोळ्या घेताय ना. त्या म्हणाल्या, बंद केल्या. मी विचारलं, कधीपासून. त्या दिवसापासून, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले ना गोळीनं झालं, मग कशाला घ्यायची. डॉक्टरांनी डायलिसिसच्या सकाळी घेऊ नका म्हटलं होतं. त्यांनी सातही दिवस बंद केली होती.

मी नर्सकडून गोळी आणून दिली, डॉक्टरांना कळवलं, मशीन सुरू केलं. दाब उतरायला तासभर लागला. त्या तासात मी फिल्टर धुवायला गेले नाही. तिथेच उभी राहिले. दाब दीडशेवर आला तेव्हा मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी गोळीनं नाही झालं. काटा दोन किलो जास्त दाखवत होता. मी बघितलं नव्हतं. काका बरोबर होते."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं व्हतं मला, घरी गेल्यावर. काटा खोटा हाय म्हनले."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"बोलून?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचाच मला त्रास झाला. "सुया तुमीच लावणार. तुमच्याशी वाकडं घिऊन आमी जायचं कुठं?"

 तेव्हा नवी मुंबईत डायलिसिसच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि मुंबईला आठवड्यातून दोनदा जाणं त्यांच्या अंगात नव्हतं. मी इतके महिने समजत होते की ही माणसं मला ताई-ताई करतात ती मायेने. मायाही असेल. पण त्याच्या खाली हेही होतं, आणि ते मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांनाही सांगितलं. ते काही क्षण पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले की हे मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि रोज सकाळी काटा तपासल्याची सही करायची एक वही घाला. फाइलमधली गोळीची ओळ त्यांनी खोडली आणि बाजूला खरं कारण लिहिलं. मला वाटलं होतं नोकरी जाईल. गेली नाही. माझ्या जागी दुसरं कुणी नव्हतंच.

त्या गुरुवारी काका एका पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन आले. मार्केटमधलं, शिक्का मारलेलं. मावशी चढायच्या आधी त्यांनी ते काट्यावर ठेवलं, काटा पाचवर आलेला पाहिला आणि वजन परत पिशवीत घातलं.  त्यानंतर प्रत्येक वेळी त्यांनी तसंच केलं. पहिल्या काही वेळा माझे कान गरम व्हायचे. पुढे मी स्वतःच बाजूला सरकून त्यांना जागा द्यायला लागले.

दिवस जात होते तसे गेले. मावशींच्या डाव्या हातातली, सुया लावण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर बंद पडली, मग ऑपरेशन करून उजव्या हाताला नवी केली. अंगात रक्त कमी, म्हणून त्या वाशीच्या रस्त्यावर दोनशे पावलं चालल्या की बसायच्या. चार तास झाले की पिळून वाळत टाकलेल्या लुगड्यासारख्या पडून राहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जरा बऱ्या असायच्या. तिसऱ्या दिवशी परत जड. आठवड्यातला तो मधला एखादा दिवस, त्या म्हणायच्या, माझा. त्या दिवशी त्या भाकरी स्वतः थापायच्या. हॉलमधली माणसं बदलत गेली. काहींना किडनी मिळाली, काही यायची बंद झाली. बंद झाली की नर्स फोन करायची आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायची. मी फळीवरून त्या नावाचा फिल्टर काढून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायची. चिकटपट्टी आधी ओढून काढायची, नाव तसं कचऱ्यात जाऊ नये म्हणून. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या वर्षी माझे हात बिघडले. हातमोजे घालूनही बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि रक्त यायचं, डोळे सकाळी चिकटलेले असायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे काम सोडल्याशिवाय हे थांबणार नाही. खरं सांगायचं तर हात बिघडले नसते तरी मी सोडलं असतं. मी फार थकले होते. सव्वीस वर्षांची होते आणि जिना चढताना कठड्याला धरायची. पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी मिळाली, बसून करायची. नवीन आलेल्या मुलीला मी महिनाभर सगळं शिकवलं. काटा तपासायला सगळ्यात आधी.

पेशंटांना सांगणं मी शेवटच्या आठवड्यावर ढकललं. सोमवारी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझे हात आपल्या मोकळ्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. म्हणाल्या की बरं केलंत, आता भरून येतील. मग विचारलं की ती नवीन पोरगी सुई एका झटक्यात लावते का. मी म्हटलं, लावते, तिचा हात हलका आहे. त्यांनी मान हलवली. तेवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. गुरुवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, सुया मीच लावल्या आणि संध्याकाळी मीच काढल्या. कापूस दाबून धरलेला असताना त्या म्हणाल्या, "तुमी सुटलात, ताई." टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटत होतं. मी मान खाली घालून पट्टी बांधत राहिले, कारण सुटलेय हे मला माहीत होतं आणि ते तोंडावर दिसू नये असं वाटत होतं.

पुढे सव्वा-दीड वर्षाने पनवेलच्या लॅबमध्ये सकाळच्या रांगेत काका दिसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी आले होते. आता पनवेलजवळच मुलीकडे राहत होते, मुलीच्या नवऱ्याची बदली तिकडे झाली होती. पाठ जरा वाकली होती. मी ओळख दिली तेव्हा त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग तोंड. मी मावशींचं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की गेली, गेल्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी. आदल्या दिवशी डायलिसिस नीट झालं होतं. शुक्रवार तिचा बरा दिवस. जेवली, भांडी घासली, दाराशी जरा बसते म्हणाली. मी मार्केटमधून आलो तर तशीच भिंतीला टेकून. शेजारणीला वाटलं झोपलीय. त्रास झाला नसावा, ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. ते मला विचारत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी म्हटलं, नाही काका, असं होतं तेव्हा त्रास होत नाही. ते मला नक्की माहीत नव्हतं.

मग त्यांनी बाही वर केली. मी पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं. त्यांच्या हाताची शीर दोरीसारखी जाड होती, एका टोचण्यात लागली. कापूस ठेवून हात दुमडायला सांगितला आणि पाच मिनिटं बसून जा म्हटलं. रांगेत पुढे अजून नऊ-दहा जण होते. मी पुढच्याचं नाव पुकारलं. वळून पाहिलं तेव्हा ते पाण्याच्या कूलरपाशी उभे राहून ग्लासभर पाणी पीत होते, सावकाश. मग ग्लास जागेवर ठेवून बाहेर पडले. रिपोर्ट न्यायला दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई आला.